फोटो बिकिनीचा, नाव हिरोशिमाचं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

६ ऑगस्टला तुम्ही हिरोशिमावर अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी थँक्यू, कारण हल्ली हा दिवस कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण ते पान वाचताना माझं डोकं दोनदा सटकलं, एकदा मजकुरावर आणि एकदा फोटोवर, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर आलेलं एका वाचकांचं पत्र छापलंत ते वाचून तिसऱ्यांदा. म्हणून हे लांबलचक पत्र. कात्री लावणारच असाल तर माझ्या गप्पांना लावा, आकड्यांना नको.

मी २८ वर्षं एक्सरे काढले. डॉक्टर नाही की सायंटिस्ट नाही, साधी टेक्निशियन. छातीवर बॅज लावायचा, दर तीन महिन्यांनी तो तपासायला पाठवायचा, रिपोर्ट आला की कोणाला किती डोस बसला ते बघायचं आणि परत कामाला लागायचं, यात नोकरी संपली. रेडिएशन या शब्दाची भीती पण गेली आणि त्याच्याशी मस्करी करायची नाही हेही अंगात मुरलं. त्यामुळे या विषयावर कोणी काही ठोकून दिलं की गप्प बसवत नाही.

आधी मजकूर. तुमच्या लेखात वाक्य आहे की हिरोशिमात आजही गवताचं पातं उगवत नाही आणि आजही तिथे जन्माला येणारी मुलं अपंग असतात. हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, आता ते व्हॉट्सअॅपवर फिरतं, आणि ते चूक आहे. हिरोशिमा आज दहा लाखांहून जास्त वस्तीचं, झाडाझुडपांचं शहर आहे आणि तिथलं रेडिएशन जगात कुठेही असतं तेवढंच आहे. बॉम्ब पडल्यावर तेव्हाही अफवा उठली होती की ७५ वर्षं इथे काही उगवणार नाही. पण तिसऱ्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, थोड्या अंतरापुरती का होईना ट्राम परत सुरू झाली होती, आणि जळालेल्या मातीतून जी फुलं पहिल्यांदा वर आली त्यात कण्हेर होती, म्हणून कण्हेर हे त्या शहराचं अधिकृत फूल आहे. बॉम्बच्या जागेपासून एक-दोन किलोमीटरच्या आतली काही गिंकोची झाडं बुंध्यापर्यंत जळली आणि पुढच्या वसंतात त्यांना पालवी फुटली, ती आजही उभी आहेत.

आता फोटो. लेखाच्या डोक्यावर तो मोठा पांढराशुभ्र ढग छापलाय आणि खाली लिहिलंय हिरोशिमा, १९४५. एकदा भिंग घेऊन बघा. ढगाच्या बुडाशी काळे ठिपके दिसतात ना, ती जहाजं आहेत. हिरोशिमाच्या भर वस्तीत जहाजांचा ताफा कुठून आला? तो फोटो पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांजवळचा, २५ जुलै १९४६ चा. अमेरिकेने तिथे नव्वदेक जुनी जहाजं उभी केली होती, काहींवर बकऱ्या, डुकरं, उंदीर ठेवले होते, आणि बेकर नावाच्या चाचणीत पाण्याखाली साधारण २७ मीटरवर बॉम्ब फोडला होता. फोटो बदलला यात काय एवढं, असं वाटेल. पण रेडिएशनचा सगळा धडा या एका चुकीत आहे, जरा समजावून सांगते.

बिकिनीला फोडलेला बॉम्ब नागासाकीवर टाकला त्याच जातीचा होता, प्लुटोनियमचा, वीसेक किलोटनचा (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी ताकद). हिरोशिमाचा वेगळा होता, युरेनियमचा, साधारण १५ किलोटन. हिरोशिमाचा आणि नागासाकीचा दोन्ही हवेत फुटले, जमिनीपासून ५०० ते ६०० मीटर वर, आणि आगीचा गोळा जमिनीला टेकलाच नाही. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये ६४ किलो युरेनियम होतं, त्यातलं एक किलोपेक्षाही कमी फुटलं, आणि त्यातून जी किरणोत्सारी राख तयार झाली ती तापलेल्या हवेबरोबर वर आभाळात गेली आणि बरीचशी लांबवर पांगली. थोडी काळ्या पावसातून, म्हणजे काजळी मिसळलेल्या पावसातून, खाली आली, त्याबद्दल पुढे लिहिते. बॉम्बच्या न्यूट्रॉनमुळे जमिनीवरचं लोखंड, काँक्रीट, माती किरणोत्सारी झाली होती, पण त्या रेडिएशनपैकी ८० टक्के पहिल्या २४ तासांतच निघून गेलं. बिकिनीला मात्र बॉम्ब पाण्यात फुटला, सगळी घाण पाण्यात मिसळली आणि तो पाण्याचा डोंगर जहाजांवर कोसळला. नेव्हीने खलाशांना ब्रश आणि साबण देऊन डेक घासायला लावले, दिवसेंदिवस घासले, निघेना, कारण ती घाण रंगात आणि गंजात शिरून बसली होती. शेवटी तिसरी चाचणी कॅन्सल करावी लागली.

किरण अंगावर पडणं वेगळं आणि किरण सोडणारी धूळ अंगावर बसणं वेगळं. हे मी पेशंटना हजारदा सांगितलं असेल. एकदा एक सासूबाई एक्सरे काढलेल्या सुनेला बाळाला पाजू देईनात, म्हणे हिच्या अंगात आता किरण आहेत. मी त्यांना म्हटलं, मावशी, बॅटरीचा उजेड तोंडावर पडला म्हणून माणूस नंतर अंधारात चमकतो का? किरण येतात, जे काय करायचं ते करतात आणि जातात. धुळीचं तसं नाही, ती बसते, नाकातोंडातून आत जाते, हाडात जाऊन घर करते.

आणि बिकिनीत तेच झालं. १९४६ च्या मार्चमध्ये तिथल्या १६७ लोकांना बेटावरून उचललं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे असं सांगून, आणि १९५८ पर्यंत तिथे २३ बॉम्ब फोडले. १९७० च्या दशकात आता सेफ आहे म्हणून काही कुटुंबं परत आणली, आणि १९७८ मध्ये परत हलवली, कारण त्यांच्या शरीरात सीझियम-१३७, बॉम्बच्या राखेतला एक किरणोत्सारी पदार्थ, वाढत चाललं होतं. सीझियमचा रासायनिक स्वभाव पोटॅशियमसारखा, आणि प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी, म्हणून झाडं भुकेल्यासारखं सीझियम ओढून घेतात. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे ३० वर्षांनी अर्धं उरतं, ६० वर्षांनी पाव. नारळ तिथे मस्त लागतात, सगळं हिरवंगार आहे, आणि त्यावर जगता येत नाही. म्हणजे बघा, तुम्ही फोटो त्या बेटाचा छापलात जिथले लोक खरंच आजपर्यंत घरी परतू शकले नाहीत, आणि खाली नाव त्या शहराचं लिहिलंत जिथे लोक मजेत नांदतायत. आणि गवत न उगवण्याचं वाक्य दोन्हीकडे लागू होत नाही!

आता त्या वाचकांचं पत्र. त्यांना हिरोशिमा आज आबाद आहे हे माहीत होतं, त्याबद्दल त्यांचं कौतुक, पण त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की अणुबॉम्ब म्हणजे शेवटी एक मोठा बॉम्बच, रेडिएशनचा उगीच बाऊ केलाय. हे काही नवीन नाही. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये बॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्हज अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे म्हणाले होते की रेडिएशनने येणारं मरण हे फार सुखाचं मरण असतं असं ऐकलंय. आणि तेव्हा जपानमध्ये अमेरिकी सैन्याची सेन्सॉरशिप होती, तिथल्या पेपरांना याबद्दल मोकळेपणाने छापता येत नव्हतं.

सुखाचं मरण कसं असतं ते सांगते. ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला जे बॉम्बच्या जवळ उघड्यावर होते त्यांना रेडिएशनचा प्रश्नच आला नाही, ते उष्णतेने आणि धक्क्याने गेले. बॉम्बची ढोबळमानाने निम्मी ताकद धक्क्यात जाते, एक तृतीयांशाहून थोडी जास्त उष्णतेत, आणि रेडिएशनला उरते १५ टक्क्यांच्या आसपास. पण जे भिंतीआड वाचले, ज्यांना साधं खरचटलं पण नव्हतं, जे नातेवाइकांना शोधत हिंडत होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना उलट्या झाल्या, मग थांबल्या, बरं वाटायला लागलं, आणि दोन-तीन आठवड्यांनी सकाळी केसातून हात फिरवला तर केसांचा पुंजका हातात. मग हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, ताप, जुलाब, आणि त्यातले कित्येक गेले. डॉक्टरांना पहिल्यांदा वाटलं काहीतरी हगवणीची साथ आली.

हे का होतं? रेडिएशन पेशीतला डीएनए तोडतं आणि ज्या पेशी सारख्या नवीन तयार होत असतात त्यांना त्याचा दणका सगळ्यात मोठा, म्हणजे हाडांमधला मगज, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. मगज बंद पडला तरी अंगात आधीच फिरत असलेलं रक्त थोडे दिवस पुरतं, म्हणून मधले दिवस बरे जातात. तो साठा संपला की जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी नाहीत आणि रक्त गोठवायला प्लेटलेट नाहीत. फॅक्टरी बंद आहे आणि गोडाऊनमधला माल संपेपर्यंत कोणाला कळत नाही, असं काहीसं.

आकडे हवेत म्हणून देते. माझ्यासारख्या रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (हे डोसचं माप) मर्यादा, आणि माझा बॅज त्याच्या जवळपास पण कधी गेला नाही. छातीचा एक्सरे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. सगळ्या अंगावर एकदम ४ ग्रेच्या (अंगात किती रेडिएशन शोषलं गेलं त्याचं माप) आसपास पडलं आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात, आणि गॅमा किरणांचा ४ ग्रे म्हणजे ४००० मिलिसिव्हर्ट, म्हणजे छातीचे ४० हजार एक्सरे एका क्षणात. हिरोशिमात एक किलोमीटरवर उघड्यावर असलेल्या माणसाला ४ ग्रेच्या वर डोस होता. दोन किलोमीटरवर तोच ०.१ ग्रेपेक्षा कमी. एवढ्या झपाट्याने कमी होतो, म्हणून कोण रस्त्याच्या कुठल्या टोकाला होतं आणि कोण जाड भिंतीमागे होतं यावर आयुष्यं ठरली. दोन्ही शहरांत मिळून १९४५ च्या डिसेंबरपर्यंत अंदाजे दोन लाखांहून जास्त माणसं गेली, हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या आसपास.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिरोशिमाच्या रेडक्रॉस हॉस्पिटलमध्ये एक्सरेच्या फिल्म ठेवलेल्या होत्या, पाकीटबंद, प्रकाश न लागलेल्या. बॉम्बनंतर बघितलं तर सगळ्या आपोआप एक्सपोज झालेल्या. हा साधा बॉम्ब नाही, अणुबॉम्ब आहे, याचा जो पुरावा जपानी तज्ज्ञांना चार दिवसांत मिळाला त्यात या फिल्म होत्या. आमच्याकडे एखादी फिल्म काळी पडली की ज्युनियरला ओरडा बसायचा, दार कोणी उघडलं म्हणून. तिथे हॉस्पिटल बॉम्बपासून दीडेक किलोमीटरवर, आणि किरण भिंती भेदून आले होते. पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकांनी एवढा एकच प्रसंग लक्षात ठेवला तरी पुरे.

आणि ज्यांना बॉम्ब टाकून नाही तर बनवताना किरण लागले त्यांचं काय झालं? लॉस अलामॉसमध्ये, अमेरिकेच्या अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेत, २१ मे १९४६ ला लुई स्लॉटिन नावाचा शास्त्रज्ञ प्लुटोनियमच्या गोळ्यावर धातूची अर्धी वाटी स्क्रूड्रायव्हरने तोलून धरत प्रयोग करत होता, स्क्रूड्रायव्हर सटकला, निळा प्रकाश चमकला, त्याने हाताने वाटी उडवून टाकली, सगळं क्षणभरात. नऊ दिवसांनी तो गेला. ना स्फोट, ना आग, ना धक्का, फक्त रेडिएशन. आता याला बाऊ म्हणायचं का?

नंतरच्या आजारांबद्दल तुमच्या लेखात भयंकर गोष्टी आहेत आणि त्या वाचकांच्या पत्रात काहीच नाही. खरं मधे आहे, आणि ते माहीत आहे कारण हा जगातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लांब चाललेल्या अभ्यासांपैकी एक आहे, सुमारे १ लाख २० हजार माणसांचा, आधी अमेरिकेच्या संस्थेने आणि १९७५ पासून जपान आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थेने चालवलेला. रक्ताचा कॅन्सर दोन-तीन वर्षांत दिसायला लागला आणि सहा ते आठ वर्षांनी कळसाला गेला, लहान मुलांमध्ये जास्त. बाकीचे कॅन्सर दहा वर्षांनंतर, आणि तो वाढीव धोका माणसाला आयुष्यभर पुरतो. मात्र डोस मिळालेल्या लोकांना १९५८ ते १९९८ मध्ये जे गाठींचे कॅन्सर झाले त्यातले शंभरात दहा-अकरा रेडिएशनमुळे, बाकीचे तसेही झाले असते. कमी वाटतो ना आकडा? पण आपला कॅन्सर त्या दहातला की नव्वदातला हे कोणालाच सांगता येत नाही, प्रत्येक ताप आला की हेच असेल का, असं म्हणत या लोकांनी साठ-सत्तर वर्षं काढली. त्यात सुरुवातीची कित्येक वर्षं ती अमेरिकन संस्था त्यांना तपासायची, रक्त घ्यायची, फोटो काढायची, पण औषधोपचार करायची नाही. जपान सरकारचा वैद्यकीय मदतीचा कायदा पण १९५७ चा, बारा वर्षांनी.

आणि मुलं. जी आईच्या पोटात असताना बॉम्ब पडला, विशेषतः ८ ते १५ आठवड्यांची, त्यांच्यातल्या काहींची डोकी लहान राहिली, बुद्धीची वाढ खुंटली, हे खरं आहे आणि भयानक आहे. पण बॉम्बनंतर ज्यांचा गर्भ राहिला त्या मुलांची, ७० हजारांहून जास्त मुलांची तपासणी झालीय, आणि आईवडिलांच्या रेडिएशनमुळे आलेला आनुवंशिक दोष वाढलेला आतापर्यंत आढळलेला नाही. तुमचं ते आजही अपंग मुलं जन्मतात हे वाक्य मला नुसतं चुकीचं नाही, क्रूर वाटतं. कारण नेमक्या याच समजुतीपायी वाचलेल्या लोकांची लग्नं मोडली, मुलींना मागण्या येईनात, नोकऱ्या मिळेनात, काही ठिकाणी तर लोकांना वाटायचं की हा संसर्ग आहे, जवळ बसलं तर लागेल. माझ्या त्या सासूबाईंसारखंच, फक्त अख्ख्या समाजाने. कित्येकांनी आपण हिबाकुशा, म्हणजे अणुबॉम्बमधून वाचलेले, आहोत हे स्वतःच्या मुलांपासून पण लपवलं. आपण सात समुद्रापलीकडे बसून हळहळ म्हणून तेच वाक्य छापतो.

त्यांना बोलतं केलं ते परत बिकिनीनेच. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने तिथे ब्राव्हो नावाचा हायड्रोजन बॉम्ब फोडला, अंदाज होता पाच-सहा मेगाटनचा, निघाला १५ (एक मेगाटन म्हणजे हजार किलोटन), हिरोशिमाच्या हजारपट, कारण लिथियमचा जो प्रकार काही करणार नाही असं गृहीत धरलं होतं त्यानेही इंधनाचं काम केलं. हा जमिनीलगत फुटला म्हणून प्रवाळाचा चुरा होऊन पांढरी राख शेकडो किलोमीटर पडली. बिकिनीच्या पूर्वेच्या राँगेलाप बेटावरची पोरं त्या राखेत खेळली. दोनेक दिवसांनी त्यांना हलवलं, आणि पुढच्या वर्षांमध्ये त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना थायरॉइडच्या गाठी झाल्या. लकी ड्रॅगन नावाच्या जपानी मासेमारी बोटीवरचे २३ जणही त्याच राखेत सापडले, त्यांचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. जपानमध्ये ट्यूना माशांचे ढीगच्या ढीग पुरावे लागले, कोट्यवधी लोकांनी सह्या केल्या, आणि त्या लाटेत १९५६ ला हिबाकुशांची देशव्यापी संघटना उभी राहिली, निहोन हिदांक्यो, ज्यांना २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. काळ्या पावसात भिजलेल्या लोकांना तर संघटना उभी राहिल्यावरही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, २०२१ च्या जुलैमध्ये हिरोशिमा हायकोर्टाने ८४ जणांना हिबाकुशा मानायला सांगितलं तेव्हा ७६ वर्षं होत आली होती.

आयोडीनच्या गोळ्यांचं पण लिहिते, कारण कुठे युद्ध पेटलं की तो मेसेज फिरतोच. ती गोळी थायरॉइडला साधं आयोडीन भरपूर पुरवते म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही, बस एवढंच. सीझियमला नाही, स्ट्राँशियमला (राखेतलाच दुसरा किरणोत्सारी पदार्थ) नाही, थेट किरणांना तर अजिबातच नाही. उगाच आधीपासून खात बसू नका.

स्ट्राँशियम-९० वरून आठवलं, ते कॅल्शियमची नक्कल करतं, पाऊस, गवत, गाय, दूध, आणि मग पोरांची हाडं आणि दात. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये १९५८ पासून लोकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासायला दिले, तीन लाखांच्या वर, आणि चाचण्या वाढत गेल्या तसं दातांतलं स्ट्राँशियम वाढत गेलेलं दिसलं. १९६३ ला हवेतल्या चाचण्या बंद करायचा करार झाला त्यामागे अशा आयांचा दबाव पण होता. बॉम्ब हजारो मैलांवर फुटला आणि हिशेब आपल्या पोराच्या दातात निघाला, हे त्या बायकांना कोणी गवत न उगवण्याची गोष्ट सांगून पटलं नव्हतं, दात मोजून पटलं होतं.

आज जगात नऊ देशांकडे मिळून बारा हजारांच्या आसपास बॉम्ब आहेत आणि त्यातले बरेच हिरोशिमाच्या बॉम्बच्या सात-आठपट किंवा त्याहून मोठे. एवढ्या मोठ्या बॉम्बचं गणित पण वेगळं, त्यात थेट किरणांची हद्द आगीच्या हद्दीच्या आतच राहते, म्हणजे किरणांनी मरण्याएवढ्या जवळ असलेला माणूस आधी भाजूनच मरतो. आणि समोरच्याची जमिनीतली मिसाइलं फोडायची तर बॉम्ब जमिनीवरच फोडावा लागतो, म्हणजे परत ब्राव्होसारखी राख, वारा नेईल तिकडे. हिरोशिमा आबाद झालं त्याचं एक कारण बॉम्ब उंचावर फुटला आणि एकच होता, हे त्या वाचकांना जरूर कळवा.

तर विनंती अशी की चूक दुरुस्त करून एक चौकट छापा, कण्हेरीचा उल्लेख केलात तर मला आनंद होईल. पुढच्या वर्षी परत तो ढगाचा फोटो वापरणार असाल तर खुशाल वापरा, फार ताकदीचा फोटो आहे, फक्त खाली लिहा बिकिनी, २५ जुलै १९४६, आणि जमलं तर हेही लिहा की इथली १६७ माणसं त्याच्या चार महिने आधी बोटीत बसून निघाली होती, परत येऊ म्हणून.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त एक्सरे टेक्निशियन)